रात्रीची व्याख्या

मार्चचा दुसरा सोमवार. पेट्रल कोव्हच्या शाळेत, जिममध्ये,
घडीच्या खुर्च्या मांडून झाल्यात, एकशे चाळीस.
कॉफीच्या थर्मासचा नळ यंदाही गळतोय.
मी गावाची कारकून. दारात बसून
मतदारयादीत एकेका नावापुढे रेघ मारते,
मग पुढे जाऊन मसुदा वाचते :
घरे अल्पमुदतीने भाड्याने देण्याबाबत.

कलम एक. रात्र म्हणजे
दुपारी चार ते दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा.
मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.
थर्लो बील उठला, टोपी हातात घेऊन म्हणाला,
आमच्या मेन राज्यात ती ऑक्टोबरात येते
आणि एप्रिलपर्यंत बूड हलवत नाही.
तिच्याकडून किती घ्यायचे?

कलम दोन. मालक स्वतः राहत नसेल तर
वर्षाला साठ रात्री. एकसष्टावी नाही.
गाड्या दोन. कचरा मंगळवारी.
दाराला टांगलेल्या किल्लीच्या डबीचा आकडा
अग्निशमन दलाकडे नोंदवावा.

हे शेवटचं वाक्य मी घुसवलंय.
नोव्हेंबरात कॅनरी लेनवर धूर दिसला तेव्हा
दलातले पाचही जण त्या डबीपुढे उभे,
पाचातले तिघे साठीपुढचे,
मालक फ्लोरिडात, फोन बंद,
आणि आख्ख्या गल्लीत
विचारायला एकही पेटलेली खिडकी नाही.
शेवटी कुऱ्हाडच.

एव्हिस ॲली काठी टेकत माइकपाशी आली.
वरची खोली देते म्हणून कर भरते, म्हणाली.
नाहीतर घर विकीन. आणि घेणारा काय
लॉबस्टरचे पिंजरे ठेवायला घेणार आहे?
टाळ्या.
मग बेकरीवाली ओदील तेरियो, ॲप्रनवरच आलेली :
माझ्याकडचा पोरगा साडेतीनला कणीक मळायला उभा राहतो.
झोपतो गाडीत. गाडी भट्टीच्या भिंतीला खेटून लावतो,
भिंत कोमट असते म्हणून.
टाळ्या.
हात बहुतेक तेच होते.
इतिवृत्तात हे लिहिता येत नाही.

मी बोलले नाही. बोलायला मनाई नव्हती.
मी राहते ते घर सप्टेंबर ते मे माझं.
एक जूनला अकरा वाजता मी बाहेर,
चार वाजता पाहुणे आत.
मधले पाच तास कुठल्याच कलमात नाहीत.
त्या पाच तासांत मी भांडी ट्रकमध्ये भरते,
चादरी बदलते, त्याचे मालक वेगळे पैसे देतात,
उशीवरचे माझेच केस चिकटपट्टीनं टिपते,
आणि फ्रिजवर चिठ्ठी लावते :
गरम पाण्याचा नळ आधी डावीकडे,
मग थोडं थांबा, तो खोकेल, घाबरू नका.
घराच्या खोडी मालकाला ठाऊक नाहीत.
तो तिथं कधी आंघोळ केलेला नाही.

सप्टेंबरात परतले की पाहुण्यांची वही वाचते.
फार सुंदर. अगदी घरच्यासारखं वाटलं.
नळाच्या चिठ्ठीबद्दल आभार, कुणीही असा तुम्ही.
माझा कप मात्र दरवर्षी
वेगळ्याच फळीवर सापडतो.

हात वर. मी दोनदा मोजले.
एकाहत्तर विरुद्ध सहासष्ट. ठराव मंजूर.
अंमल पुढच्या जानेवारीपासून.
एव्हिस मान खाली घालून हातमोजे शोधत होती,
ओदीलनंच ते खुर्चीखालून काढून दिले.

मग गर्दी ओसरली. थर्लो एका काखेत तीन
अशा खुर्च्या उचलत होता.
म्हणजे या जूनला तुला जावंच लागणार, म्हणाला.
हो. भावाचा ट्रेलर, कॅनरीच्या मागे.
किती रात्री?
मी म्हटलं, कुठल्या व्याख्येनं?
तो हसला नाही. खुर्च्या भिंतीला लावल्या,
थर्मासच्या नळाखाली एक कागदी कप ठेवला
आणि तो भरेपर्यंत
आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो.